गाडीखाली जाण्यापूर्वी

मध्यमवर्गीय घरात चारचाकी येते तेव्हा तिच्यासोबत दोन कागद येतात. एक, बँकेने दिलेले कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक. आणि दुसरी, वाहन बनवणाऱ्या कंपनीने दिलेली वापराची पुस्तिका. पहिला कागद घरातील कर्ता माणूस महिन्याच्या महिन्याला उघडतो, त्यावर खुणा करतो, शिल्लक मोजतो. दुसरी पुस्तिका मात्र गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनासह पडून राहते आणि गाडी विकली की नव्या मालकाकडे कोरीच्या कोरी जाते. हप्ता चुकला तर दंड पडतो, हे सर्वांना ठाऊक असते. पुस्तिका न वाचल्याचा दंड कधी हाताच्या बोटांनी, कधी चेहऱ्याच्या कातडीने आणि क्वचित जिवाने भरावा लागतो, याची मात्र पुरेशी जाणीव नसते.

‘दुरुस्ती हे मिस्त्रीचे काम, आपला काय संबंध?’ असा एक समज सुशिक्षित घरांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. इंजिन उघडणे हे मिस्त्रीचेच काम. परंतु पुणे-बंगळूर महामार्गावर भर दुपारी पंक्चर झालेले चाक बदलणे, फोंडा किंवा आंबोलीच्या घाटात उकळलेल्या रेडिएटरसमोर उभे राहणे, दिवाळीच्या पहाटे बंद पडलेल्या बॅटरीला शेजाऱ्याच्या गाडीतून वीज देणे, हे प्रसंग प्रत्येक गाडीमालकावर येतात. त्या वेळी मिस्त्री जवळ नसतो. जवळ असतात ती घाबरलेली मुले, उन्हात ताटकळलेले वृद्ध आई-वडील आणि न मागता सल्ला देणारे दोन वाटसरू. गाडी चालवताना माणूस सावध असतो. गाडी थांबली की त्याची सावधगिरीही थांबते, आणि दुरुस्तीतील बहुतेक इजा नेमक्या त्या अवस्थेत होतात.

सर्वांत आधी वजनाचा विचार करावा. लहान चारचाकीदेखील बहुधा आठशे-नऊशे किलोंची असते. इंजिन पुढे असल्याने पुढच्या एका चाकावरच साधारण अडीचशे किलोंचा भार येतो. गाडीसोबत मिळणारा कात्रीसारखा उघडणारा स्क्रू-जॅक हा भार चाक बदलण्यापुरता, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे उचलून धरण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या आधारावर माणसाने गाडीखाली शिरावे, हे त्याच्या निर्मात्याने कधीच गृहीत धरलेले नाही. त्याचा तळ तळहाताएवढा. जमीन किंचित उतरती असेल, कडेची माती भुसभुशीत असेल किंवा वैशाखाच्या उन्हाने डांबर मऊ झाले असेल, तर तो तळ खचतो, जॅक कलतो आणि गाडी आडवी सरकते. हे घडायला एक क्षण पुरतो. अंग काढून घ्यायला तेवढाही मिळत नाही. गॅरेजमधील हायड्रॉलिक जॅक अधिक दणकट असतो खरा, पण तो तेलाच्या दाबावर उभा असतो. आतले रबरी सील झिजले की तो हळूहळू किंवा एकाएकी खाली बसतो. म्हणून जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे, हा भेद मनात पक्का असावा. धरून ठेवण्यासाठी लोखंडी स्टँड वेगळे मिळतात. ते गाडीच्या मजबूत भागाखाली लावून, गाडी त्यांवर टेकवून, हाताने हलवून पाहिल्यावरच कोणी खाली जावे.

स्टँड नाहीत म्हणून विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचण्याची पद्धत अजूनही दिसते. भिंतीत तेच ठोकळे मजले पेलतात, मग गाडी का नाही, असा युक्तिवाद केला जातो. भिंतीत भार सर्वत्र सारखा पसरलेला असतो. गाडीची लोखंडी कड ठोकळ्याच्या एका रेघेवर टेकते, आणि सिमेंट वाकत नाही; ते पूर्वसूचना न देता फुटते. रुंद लाकडी ओंडका त्यापेक्षा पुष्कळ बरा, कारण लाकूड निदान आधी करकरते.

जॅक कोठे लावायचा यालाही नियम आहे. दारांखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकांच्या जवळ, विशिष्ट खुणा किंवा खाचा असतात. तेथील पत्रा दुहेरी व मजबूत केलेला असतो. अन्यत्र जॅक लावला तर पत्रा दुमडतो आणि जॅक निसटतो. मऊ जमीन असल्यास खाली जाड फळी घालावी. घरच्या गाडीत अशी एखादी फळी डिकीत कायम पडून असावी. तिचे मोल वर्षातून एकदाच कळते, पण पुरेपूर कळते.

आता हँडब्रेक. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन चाकांना लागतो. मागचे एक चाक उचलले की गाडी उरलेल्या एकाच चाकाच्या ब्रेकवर उभी राहते. ‘गाडी गिअरमध्ये टाकली आहे ना, मग काळजी नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते आणि ती डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांत वाटली जाते. पुढचे एक चाक हवेत उचलले की ते मोकळे फिरू शकते, आणि त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाकही गिअरने अडत नाही. गिअर पडलेला असतो, पण त्याचा धरबंद उरलेला नसतो. म्हणूनच गाडी सपाट जागी घ्यावी, हँडब्रेक ओढावा, गिअरही टाकावा, आणि त्यावर विसंबून न राहता उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून व मागून दगड लावावेत. घाटात ट्रकचे क्लीनर हे काम न चुकता करतात. चार पुस्तके अधिक शिकलेल्या माणसाने त्यांच्याकडून एवढे घ्यायला हरकत नसावी. निघताना मात्र तो दगड रस्त्यावर सोडून जाऊ नये. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तो सापळा ठरतो.

चाक बदलताना नट आधी, म्हणजे चाक जमिनीवर असतानाच, पाव फेरा सैल करावेत. गाडी उचलल्यावर घट्ट नटाला जोर लावला की सगळी गाडी जॅकवर डोलू लागते. काढलेले चाक बाजूला फेकून न देता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसाच्या पायावर नव्हे. नवे चाक बसवताना नट क्रमाने गोल न आवळता समोरासमोर, एकाआड एक आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. किती आवळावेत? बहुतेक लहान गाड्यांच्या नटांना सुमारे शंभर न्यूटन-मीटर जोर लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. साध्या भाषेत सांगायचे तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला चाळीस किलोंचा भार. सत्तर किलोंचा माणूस पान्यावर उभा राहून नाचू लागला की तो पावणेदोनशेच्या घरात जातो. नटाचे आटे ताणले जातात, आणि पुढच्या पंक्चरला तोच बोल्ट तुटून हातात येतो. घट्ट म्हणजे सुरक्षित हे समीकरण येथे चालत नाही. त्याउलट, चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासणे हे अत्यंत उपयोगी काम आहे, आणि ते शंभरातले नव्वद जण विसरतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

किल्लीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे काळ बदलला आणि सवयी बदलल्या नाहीत. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यामागे कोणा एकावर अविश्वास नसतो. एकाच्या चुकीचा फटका सर्वांना बसू नये, हा हेतू असतो. गाडीचेही तसेच. जो माणूस बॉनेटखाली हात घालतो, त्याच्याच खिशात किल्ली असावी, हा जुना आणि चांगला नियम होता. परंतु बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत तो उलटा पडतो. अशा गाडीची किल्ली नुसती जवळपास असली तरी आत बसलेल्या मुलाने बटण दाबताच गाडी जागी होऊ शकते. तेव्हा अशी किल्ली खिशात न ठेवता घरात, गाडीपासून चांगली लांब ठेवावी. सिग्नलला आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होणारी इंजिनेही आता सामान्य गाड्यांत आली आहेत. इंजिन शांत आहे म्हणजे ते बंद आहे असे धरून चालता येत नाही. रेडिएटरचा पंखा तर अनेक गाड्यांत किल्ली काढल्यावरही, इंजिन गरम असल्यास, स्वतःहून फिरू लागतो. पदर, ओढणी, उपरणे, सैल बाही, गळ्यातील साखळी यांपैकी काहीही घेऊन चालू इंजिनावर वाकू नये. अंगठी आणि धातूचे कडे तर काम सुरू करण्यापूर्वी काढूनच ठेवावे. त्याचे कारण बॅटरीच्या संदर्भात पुढे येईल.

घाटातील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा. काटा लाल रेषेला भिडलेला, बॉनेटमधून वाफ, आणि कोणीतरी सांगतो, ‘झाकण काढा आणि पाणी ओता.’ हा सल्ला देणाऱ्यास रेडिएटरमधील दाबाची कल्पना नसते. शीतकाची ही सर्व यंत्रणा दाबाखाली बंद केलेली असते. साधारण एक वातावरणाइतका जास्तीचा दाब असल्याने आतले पाणी शंभर अंशांना न उकळता एकशे वीसच्या आसपासही द्रवरूप राहते. झाकण उघडले की दाब एकदम नाहीसा होतो आणि तेच पाणी त्याच क्षणी उकळून वाफेसह वर उसळते. झाकणावर वाकलेला चेहरा, मान आणि हात त्याच्या मार्गात असतात. ओले फडके हातात धरल्याने यात काही फरक पडत नाही. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, मंडळींना खाली उतरवून रस्त्यापासून दूर बसवावे आणि निदान अर्धा तास, शक्य तर त्याहून अधिक, काहीही करू नये. काहीही न करणे आपल्याकडे फार कठीण जाते, पण येथे तेच करावयाचे असते. झाकण हाताला सहज सोसेल इतके निवाल्यावर जाड कापड ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, उरलेला दाब सूं करून निघून जाऊ द्यावा आणि मगच काढावे. पुष्कळ नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीला असते. टाकी प्लास्टिकची दिसते म्हणून ती निरुपद्रवी मानू नये. तीही दाबाखालीच असते. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याची भीती असते, हेही ध्यानात असावे.

शीतकाच्या द्रवात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. हे रसायन चवीला गोडसर आणि अतिशय विषारी आहे. अंगणात सांडलेले थेंब कुत्रा किंवा मांजर चाटून जाते, आणि थोड्या मात्रेनेही त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांसाठीही तोच धोका. म्हणून सांडलेला द्रव तत्काळ माती किंवा भुसा टाकून टिपून घ्यावा, आणि उरलेला द्रव सरबताच्या अथवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याचा आचरटपणा घरात कोणी करू नये.

बॅटरी बारा व्होल्टची असते, तिचा झटका बसत नाही, म्हणून ती निर्धोक असे मानले जाते. झटका बसत नाही हे खरे. परंतु तिच्यातून एका क्षणात शेकडो अँपियर वीज वाहू शकते. दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर तो लाल होऊन चिकटतो. त्या जागी पान्याऐवजी अंगठी असेल तर बोटाचे काय होईल, ते सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्के असला तरी ठिणगीने पेट घेतो, बॅटरी फुटते आणि आतले सौम्य गंधकाम्ल अंगावर उडते. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून मगच, पण अजिबात वेळ न दवडता, डॉक्टर गाठावा.

यासाठी तारा काढण्या-लावण्याचा एक क्रम ठरलेला आहे. काढताना आधी ऋण, मग धन. लावताना आधी धन, मग ऋण. कारण सोपे आहे. गाडीचा संपूर्ण सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकाचा नट फिरवताना पाना सांगाड्याला कोठेही टेकला की थेट शॉर्ट सर्किट होते. ऋण आधी सोडवले की पाना कोठेही टेकला तरी बिघडत नाही. दुसऱ्या गाडीकडून वीज घेतानाही क्रम चुकवू नये: लाल तार आधी मृत बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धनला, काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋणला, आणि तिचे शेवटचे टोक मृत बॅटरीला नव्हे, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच. ती हायड्रोजनजवळ उडू नये एवढ्यासाठी ही योजना. काढताना उलट क्रम. जमाखर्चात नावे आणि जमा यांची अदलाबदल झाली तर संध्याकाळी ताळा जमत नाही आणि चूक सापडते. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर संध्याकाळपर्यंत थांबावे लागत नाही.

पेट्रोलविषयी थोडक्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर विरून न जाता जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. चार हातांवर ठेवलेला स्टोव्ह, पेटती उदबत्ती किंवा खड्ड्यात लोंबणारा साधा बल्ब फुटणे, यांपैकी काहीही पुरेसे असते. सुटे भाग पेट्रोलने धुण्याची गॅरेजमधील जुनी चाल म्हणूनच घातक आहे. आणि टाकीतून नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणे हे तर शौर्य समजले जाते! ओढताना घोट घशाऐवजी श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. पोटात गेल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नये. उलटीच्या वेळी तेच पेट्रोल फुप्फुसात उतरते. सरळ रुग्णालय गाठावे. हातपंप बाजारात स्वस्तात मिळतो.

बंद जागेत इंजिन चालू ठेवण्याचा धोका याहून कपटी, कारण तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग ग्लानी. आणि ग्लानी आली की दार उघडण्याची बुद्धीही राहत नाही. शटर अर्धे उघडे आहे, खिडकी किलकिली आहे, यावर समाधान मानू नये. गाडी गरम करायची असो, वातानुकूल तपासायचे असो किंवा बॅटरी भरायची असो, गाडी आधी उघड्यावर घ्यावी. बंगल्याच्या बंदिस्त पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून गाडीत डुलकी घेणाऱ्यांनीही हे वाचावे.

ब्रेकचे काम घरी करू नये, हे तर स्पष्टच आहे. परंतु गॅरेजमधून ब्रेक करून गाडी परत घेताना मालकाने एक गोष्ट अवश्य करावी. नवे पॅड बसवताना आतला दट्ट्या मागे ढकललेला असतो. पहिल्यांदा पेडल दाबले की ते थेट तळाला जाते आणि ब्रेक लागतच नाही. चार-पाच वेळा दाबल्यावर ते कठीण होते. मिस्त्रीने हे केले असेल असे गृहीत धरून उतारावरून गाडी काढणारा माणूस समोरच्या भिंतीवर किंवा त्याहून वाईट म्हणजे माणसांवर जातो. आत बसताच, गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल दाबून पाहावे. कठीण लागल्यावरच हलवावी, आणि मोकळ्या जागी अगदी सावकाश चालवून पुन्हा पाहावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढला की ते लवकर उकळते, आणि नेमका घाट उतरताना ब्रेक ढिला पडतो. म्हणून गाडी कमी फिरली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. ‘दोन हजारच किलोमीटर झाले, कशाला बदलू?’ हा हिशेब येथे लागू होत नाही. ब्रेकच्या ड्रममधील काळी पूड हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. ओल्या फडक्याने पुसणे हाच शहाणपणा.

पावसाळ्याचा एक विषय आपल्या भागाला विशेष लागू आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांत अडकून माणसे दगावली. विजेवर चालणारी काचा-कुलपे पाण्याने निकामी झाली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते त्या भागातील वाचकांनी स्वतः पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर मालक पहिली गोष्ट कोणती करतो? किल्ली फिरवून पाहतो. तीच करू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. किल्ली फिरवताच दट्ट्याचा दांडा वाकतो आणि हजारांची दुरुस्ती लाखावर जाते. शिवाय विमा कंपन्या सर्वसाधारण पॉलिसीत हे नुकसान पुराचे न मानता मालकाच्या कृतीचे मानतात आणि दावा नाकारू शकतात. इंजिनसंरक्षणाची जोड-पॉलिसी घेतली असेल तरच आधार असतो. तेव्हा छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला कळवावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि गाडी ओढून न्यावी. तिची चारही चाके उचलून नेणारी सोय मिळाली तर अधिक चांगले.

काही भागांना घरच्याच काय, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनेही हात लावू नये. स्टीअरिंगमधील एअरबॅग हा त्यांपैकी एक. 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली, म्हणजे हॉर्न दुरुस्त करण्यासाठी स्टीअरिंग उघडणारा प्रत्येक जण आता एका छोट्या स्फोटक यंत्रणेशी खेळत असतो. सीएनजीची टाकी हा दुसरा. तिच्यात दोनशे बार दाब असतो आणि तिची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करावी लागते. ती टाळून पाटीवर खाडाखोड करणारे लोक काय वाचवतात आणि काय पणाला लावतात, हे त्यांचे त्यांनाच माहीत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या केबल हा तिसरा. त्यांत शेकडो व्होल्ट असतात, आणि गाडी बंद असली तरी त्या मृत असतीलच असे नाही.

आता गॅरेजचा प्रश्न. शहराबाहेरच्या रस्त्यावर टपरीवजा गॅरेजमध्ये गाडी उभी राहते, मिस्त्री एका जॅकवर ती उचलतो आणि हाताखालच्या पोराला म्हणतो, ‘शिर रे खाली.’ मालक जरा चाचरतो. ‘मिस्त्री, स्टँड लावून घ्या की.’ त्यावर ठरलेले उत्तर येते, ‘काय होत नाही मालक, पाच मिनिटांचं काम हाय. रोजचं हाय आमचं.’ आणि मालक घड्याळाकडे पाहून गप्प बसतो. रोजचे आहे, हीच तर अडचण आहे. रोज हाताळून हाताळून भीती झिजते. बोल्टाचे आटे झिजावेत तशी. पोरगा खाली जातो. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. पण पंधरा-सोळा वर्षांचा असला तरी त्याला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटले तर उद्याचे काम जाते. त्या ठिकाणी नाही म्हणू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे पैसे देणारा ग्राहक. ‘स्टँड लावल्याशिवाय माझ्या गाडीखाली कोणी जाणार नाही, उशीर झाला तरी चालेल, वरचे शंभर रुपये घ्या,’ एवढे तो सांगू शकतो. मिस्त्री हसेल, पुटपुटेल. स्टँड नसतील तर शेजारून आणेल. तेही नसतील तर गाडी पुढच्या गॅरेजला न्यावी. दुरुस्तीचे दर घासाघीस करून कमी करणारे आपण, सुरक्षिततेचा वेळ मात्र त्या घासाघिशीत आपोआप कापला जातो, याचा विचार करीत नाही.

काम झाल्यावर जुना सुटा भाग मागून घ्यावा, पाहावा आणि बिलावर काय बदलले ते लिहून घ्यावे. जीएसटीचे दोन पैसे वाचवण्यासाठी कोरे बिल घेणाऱ्याला उद्या बनावट पॅड निघाले तर दाद मागायला कागद राहत नाही. घरी एक साधी वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, केलेले काम, बसवलेला भाग, मिस्त्रीचे नाव. गाडी विकताना ही वही किमतीत भर घालते; अपघाताच्या दाव्यात तर ती साक्षीदाराचे काम करते.

राहिले जुने इंजिन ऑइल. घरी ऑइल बदलणारे हौशी लोक ते गटारात किंवा मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात ओततात. काही ठिकाणी वाळवी लागू नये म्हणून ते दाराच्या चौकटींना फासण्याचीही प्रथा आहे. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, आणि कातडीला वारंवार लागल्यास ते अपायकारक ठरते. म्हणून हातमोजे घालावेत आणि तेलकट चिंधी खिशात कोंबू नये. तेल त्याच्याच डब्यात भरून, ते गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नव्या बॅटरीच्या दुकानातच परत करावी. बहुतेक ठिकाणी तिचे पैसे वजा होतात.

उन्हाळी सुट्टीचे प्रवास आता जवळ आले आहेत. पेट्रोल पंपावर चार चाकांत हवा भरून घेताना पाचव्या चाकाची, म्हणजे स्टेपनीची, हवा पाहायला पाच मिनिटे अधिक लागतात, कारण त्यासाठी डिकीतील सामान काढावे लागते. ते सामान काढले की त्याच वेळी जॅक, पाना, लाल त्रिकोण आणि ती लाकडी फळी जागेवर आहे ना, हेही पाहून घ्यावे. फळी बहुधा कोणीतरी घरात झोपाळ्याखाली लावलेली सापडते.